माझ्या रजेतला माल

सत्तावीस वर्षं मी दुसऱ्यांच्या चुका लिहून पोट भरलं. आणि नोकरीची शेवटची दीडएक वर्षं उरली असताना कोणीतरी मला पहिल्यांदा विचारलं, की तुमच्याकडे चांगलं काय चालतं? अंकाच्या संपादकांनी मला नोकरीतले अनुभव लिहायला सांगितले, तेव्हा त्यांना बहुधा मिरचीच्या बाजारातल्या गमतीजमती हव्या असाव्यात. त्याही येतील थोड्या. पण मला त्या एका प्रश्नाबद्दलच लिहायचं आहे. अजूनही त्याची आठवण निघाली की मी खुर्चीत नीट बसू शकत नाही, बायको म्हणते, झाले सुरू.

आधी धंदा समजून घ्या. नंदुरबारच्या वेशीबाहेर शेतकऱ्यांची एक सहकारी मिरची संस्था आहे, तिथल्या निवड-विभागाचा मी सुपरवायझर होतो. संस्थेचं नाव लिहीत नाही, ज्यांना ठाऊक आहे त्यांना ठाऊक आहे. शेतकरी ओली लाल मिरची आणतो. ती आम्ही पथारीवर टाकतो. पथारी म्हणजे मिरची वाळवायचं उघडं मैदान, हिवाळ्यात लांबून बघाल तर जमिनीवर लाल चादर अंथरलेली दिसेल. आठ-दहा दिवस उलटीपालटी करत मिरची वाळली की बायका तिचे देठ खुडतात आणि निवडतात. गडद लाल ती एका बाजूला. दव खाऊन, डाग पडून पांढरट झालेली ती फटकी, ती दुसरीकडे. पोत्यात फटकी सापडली की व्यापारी तोंड वाकडं करतो. नवखा माणूस आमच्याकडे आला की पाच मिनिटांत शिंकून शिंकून बेजार होतो. आमच्या बायका नाकाला फडकं बांधून, हाताला तेल चोळून दिवसभर त्यातच बसतात आणि वर गप्पाही मारतात.

आता माझं काम. प्रत्येक बाईला एक जागा, एक ढीग, एक नंबर. नंबराच्या ढिगात फटकी सापडली, मेमो. जागा सोडून उठली, मेमो. एका हंगामात तीन मेमो झाले की काम बंद. हे सगळं मी एका जाड रजिस्टरात लिहायचो, लाल शाईने. बायका मला समोर आप्पा म्हणत आणि माझ्यामागे मेमोआप्पा. मला ते माहीत होतं आणि खरं सांगायचं तर आवडायचंही. माणूस टरकून असला की काम नीट करतो, असं माझं ठाम मत होतं.

तरीही माल परत येत होता. सुरतेकडचे आमचे मोठे गिऱ्हाईक कांतिभाई, हा एक नमुनाच. खिशात पांढराशुभ्र रुमाल घेऊन यायचे. पोत्याच्या तळातून मिरची काढायची, कानाशी धरून हलवायची, बिया वाजतात का ऐकायचं, मग मोडून रुमालावर घासायची. रुमालावर रंग कसा उतरतो त्यावर सौदा. आम्ही चोरून हसायचो, पण त्या रुमालापुढे आमचे चेअरमनसुद्धा श्वास रोखून उभे राहायचे. त्या हंगामात कांतिभाईंनी दोनदा माल परत पाठवला. संचालक मंडळानं ठरवलं, की तिसरा माल परत आला तर हातानं निवडणं बंद, निवडीचं यंत्र आणायचं. म्हणजे पथारीवरच्या चाळीसेक बायका घरी. बहुतेक जणी अक्कलकुव्याकडच्या डोंगरातल्या, खापरच्याही पुढच्या पाड्यांवरच्या. हंगामापुरत्या पथारीशेजारी झोपड्या टाकून राहायच्या. त्यांचं वर्ष या कामावर निघायचं.

नेमकं त्याच आठवड्यात शहाद्याला तीन दिवसांच्या शिबिराचं पत्र आलं. विषय, संस्था कशी बदलावी. कोणीच जायला तयार नव्हतं. चेअरमन अण्णा मला म्हणाले, आप्पा तुम्ही जा, तुम्ही नसलात तरी इथलं काही अडत नाही. मला ते वाक्य लागलं. पुढे ते किती खरं निघणार आहे याची तेव्हा कल्पना नव्हती.

शिबिर घेणाऱ्या कल्याणी मॅडम मूळ खापरच्या, वयानं माझ्या मुलीएवढ्या. मी पहिल्या रांगेत रजिस्टर घेऊनच बसलो. संस्थेतल्या अडचणींची यादी मागतील, मग आपण यांना दाखवू, असा विचार. त्यांनी अडचण हा शब्दच काढला नाही. दोघादोघांच्या जोड्या लावल्या आणि म्हणाल्या, तुमची संस्था सगळ्यात सुरेख चालली होती असा एखादा काळ आठवा. नेमकं काय घडत होतं? कोण काय करत होतं? ते कशामुळे जमलं? समोरच्याला विचारा आणि मधे न बोलता ऐका.

माझ्या जोडीला एका दूध संस्थेचे कारकून होते. त्यांनी विचारल्यावर मी मोठ्या झोकात सांगायला लागलो, अमक्या साली मी असं पकडलं, तमक्या साली तसं पकडलं. कल्याणी मॅडम मागे येऊन उभ्या होत्या. त्यांनी शांतपणे विचारलं, आणि त्या दिवशी चांगलं काम कोण करत होतं? सत्तावीस वर्षांत चांगलं काम करणाऱ्या एकाही बाईचं नाव मला पटकन आठवेना. चुकणाऱ्यांची नावं मात्र नंबरासकट पाठ.

त्यांची पद्धत साधी आहे, सांगतो. बिघडलेलं शोधत बसलात की माणसं बिघाड लपवायला शिकतात. त्याऐवजी चांगलं चाललं होतं ते शोधा. ते रोजच तसं चाललं तर कसं दिसेल हे सगळ्यांनी मिळून बोला. मग त्यासाठी काय बदलायचं ते ठरवा, आणि करा. मला आधी हे गोडबोलेपण वाटलं. दुसऱ्या दिवशी दुपारी ते डोक्यात असं काही शिरलं, की तिसऱ्या दिवशी मी सगळ्यांच्या आधी हॉलवर हजर. घरी परत येताना एसटीत बसल्याबसल्या कंडक्टरला विचारलं, तुमच्या ड्युटीतला सगळ्यात छान दिवस कोणता? तो आधी मला येडा समजला. मग प्रकाशाचा पूल गेला तरी त्याचं बोलणं संपेना, नव्यानं चढलेल्यांना तिकीट द्यायचं राहिलं म्हणून दोघांनी आरडाओरडा केला. मला इतका आनंद झाला, की सांगता येत नाही. एवढासा प्रश्न, आणि माणूस केवढा उघडतो.

आल्याआल्या मी घोळ घातला. उत्साहाच्या भरात सकाळी पथारीवर जाऊन दिसेल तिचं कौतुक करत सुटलो. वा रंगीबाई, काय सुरेख ढीग. वा, काय झकास देठ खुडले. दोन दिवस हे चाललं. पथारीवर एकदम शांतता पसरली, गप्पासुद्धा बंद. तिसऱ्या दिवशी त्यांच्यातली वयानं मोठी जमनाबाई पदर सावरत माझ्यापाशी आली आणि हळूच म्हणाली, "आप्पा, आपलं काम बंद व्हई ऱ्हायनं का?"

मी गोड बोलतोय म्हणजे जायची वेळ आली, असं सगळ्यांनी धरून घेतलं होतं. मी खजील होऊन कल्याणी मॅडमना फोन लावला. त्या खूप हसल्या. मग म्हणाल्या, "काका, मी विचारायला सांगितलं होतं. कौतुक करायला नाही."

मग मी विचारायला बसलो. खुर्ची नाही, खाली पोत्यावर. एकेकीला बोलवायचं आणि विचारायचं, तुमच्या मते आपण निवडलेला सगळ्यात चांगला माल कोणता? पहिलीनं सांगितलं, तो कांतिभाईंनी पेढे पाठवले होते तो. दुसरीनंही तेच. तिसरी, चौथी, सातवी, तोच माल. कोणी म्हणालं तेव्हा काम कसं सरसर व्हायचं, कोणी म्हणालं तेव्हा पाठ दुखली नाही. ते का जमलं, असं विचारलं की मात्र सगळ्या एकमेकींकडे बघायच्या आणि पदरात हसायच्या.

तो माल मला चांगला आठवत होता. चार वर्षांपूर्वीचा. कांतिभाईंनी भरसभेत रुमाल उंच धरून दाखवला होता, आणि आप्पांची शिस्त म्हणून संस्थेनं मला शाल आणि नारळ दिला होता. फोटो घरी भिंतीवर आहे. मी म्हटलं, बघू तरी तेव्हा रजिस्टरात काय लिहिलंय. कपाटातून त्या वर्षाचं रजिस्टर काढलं. पानं उलटत गेलो. नोंद, नोंद, नोंद, आणि मग कोरी पानं. अकरा दिवस एक अक्षर नाही. मी तारीख बघत राहिलो आणि मग लक्षात आलं. त्या अकरा दिवसांत मी माझ्या मुलीच्या लग्नाच्या रजेवर होतो.

मी रजिस्टर घेऊन तसाच जमनाबाईकडे गेलो. म्हटलं, खरं सांग, मी रागावणार नाही. तिनं हातातल्या मिरचीचा देठ खुडला. मग म्हणाली, "तुम्ही पोरना लगनले रजावर व्हतात ना, तवय आम्ही लाह करी."

लाह म्हणजे त्यांच्या पाड्यावरची रीत. एकाच्या शेतात काम निघालं की सगळा पाडा तिथं जातो, ते उरकतो, मग पुढच्याच्या शेतात. ज्याचं शेत तो जेवायला घालतो. अकरा दिवस मेमो लिहायला कोणी नव्हतं म्हणून बायकांनी पथारीवर तेच केलं. नंबरांचे ढीग मोडले. सगळ्या एका ढिगाभोवती बसल्या, तो संपवला, मग दुसरा. एखादी मिरची चांगली की फटकी असा संशय आला, तर ती मधे ठेवलेल्या टोपलीत टाकायची. आणि टोपलीतलं शेवटी बघायची सुरमी. तिची नजर अशी, की मिरची सावलीत धरून एकदा फिरवली की सांगायची. मग मी आलो आणि परत एकेकीची जागा, एकेकीचा ढीग. संशयाची मिरची ढिगात सापडली तर मेमो, म्हणून बायका ती पोत्याच्या तळाशी सरकवायला लागल्या. कांतिभाई तळातूनच मिरची काढायचे. म्हणजे परत येणारा माल माझं रजिस्टर तयार करत होतं.

आणि सुरमी? सुरमीला मीच काढलं होतं. रजेवरून आल्यावर महिन्याभरात तिचे तीन मेमो झाले. तीनही एकाच कारणासाठी, जागा सोडून दुसऱ्यांच्या ढिगांपाशी फिरते. बायका तिला हाक मारायच्या, ती बघायला जायची, मी लाल शाई काढायचो. शाल अंगावर पडली त्याच हंगामात तिला हाकललं.

मी जमनाबाईला कल्याणी मॅडमचा शेवटचा प्रश्न विचारला, की तसं रोज व्हायला काय लागेल? ती एवढंच म्हणाली, "सुरमीले बलावा."

सुरमीला बोलवायचं आणि लाह करूनच माल निवडायचा, हे अण्णांना पटवणं सोपं गेलं नाही. नंबर काढून टाकले तर फटकी सापडल्यावर चूक कोणाच्या नावावर टाकायची, हा त्यांचा प्रश्न, आणि प्रश्न रास्त होता. मी म्हटलं, माझ्या नावावर टाका. परत आला माल तर यंत्र आणा आणि मलाही घरी पाठवा, दीड वर्ष आधी. शहाद्याला काही खाऊनबिऊन आलात का, अण्णा म्हणाले. पण एक माल माझ्या पद्धतीनं निवडायची परवानगी दिली. तो माल घ्यायला कांतिभाई पंधरवड्यात येणार होते.

सुरमी म्हसावदजवळ एका शेतात पपईच्या तोडीवर होती. मी मोटरसायकलवर गेलो. शेतमालक बांधावर उभा होता. म्हणाला, ती फक्त निवडते, कोणतं फळ आज तोडायचं आणि कोणतं उद्या. बाकीच्या तोडतात. मी विचारलं, तुम्हाला कसं कळलं? तो म्हणाला, आठ दिवसांत कळलं की. मला तोंड लपवावंसं वाटलं. माझ्या पथारीवर ती तीन हंगाम होती.

सुरमी माझ्याकडे आली आणि चार हात लांबच उभी राहिली. चाळिशीच्या आतबाहेरची, उन्हानं रापलेली, नजर जमिनीकडे. मी जे काय घोकून गेलो होतो ते सगळं विसरलो. सरळ म्हटलं, माझं चुकलं, परत ये. तिनं विचारलं, रजिस्टर आणलंय का? मी पिशवीतून काढलं. म्हणाली, काय लिहिलंय ते वाचा. मी वाचलं, जागा सोडून इतरांच्या ढिगांपाशी फिरत होती, सक्त ताकीद. तीन वेळा तेच.

ती म्हणाली, "मी जागा सोडी, ते खरं शे. पन काब्र सोडी, ते लिखेल शे का तठे?"

नव्हतं लिहिलेलं. का, हे विचारायला रजिस्टरात रकानाच नव्हता. मी म्हटलं, नाही लिहिलं. ती पाहू म्हणाली आणि पपईकडे निघून गेली. बांधावर मी एकटाच उभा, हातात ते धूड.

पुढचं आधीच सांगून टाकतो, उगाच ताणत नाही. कांतिभाई आले, तीन पोत्यांच्या तळात हात घालून मिरच्या काढल्या, कानाशी हलवल्या, रुमालावर घासल्या. रुमाल घडी घालून खिशात ठेवला आणि म्हणाले, "आप्पा, माल सारो छे." यंत्राची फाइल अण्णांनी कपाटात टाकली, ती अजून तिथंच आहे म्हणतात. मी दीड वर्षानं वेळेवर निवृत्त झालो. हे सगळं छानच झालं. पण माझ्या सत्तावीस वर्षांतला सगळ्यात सुरेख दिवस कोणता, असं मला कोणी विचारलं, तर मी कांतिभाईंचा दिवस सांगणार नाही. मी त्याच्या बारा दिवस आधीची सकाळ सांगेन.

त्या सकाळी सुरमी आली. बायका ढिगाभोवती बसायच्या बेतात होत्या, तेवढ्यात फाटकातून ती आत आली, डोक्यावर गाठोडं. कोणी ओरडलं नाही, जमनाबाईनं फक्त सरकून जागा केली. मी रजिस्टर कपाटात कुलूप लावून ठेवलं होतं, सगळ्यांसमोर, आणि किल्ली अण्णांकडे दिली होती. वाटलं, आता बघा गंमत.

गंमत काही होईना. सुरमी बसली ती बसलीच. नाकाला फडकं, मान खाली, समोरच्या मिरच्या निवडत राहिली. मधे टोपली ठेवलेली होती, संशयाच्या मिरच्या तिच्यात पडत होत्या, टोपली निम्मी भरली तरी ही उठेना. रंगीनं पलीकडून हाक मारली, सुरमी, ही बघ गं. सुरमीनं माझ्याकडे एक चोरटी नजर टाकली आणि पुन्हा मान खाली घातली. मग कोणी हाकही मारेना. मी रजिस्टर कुलपात ठेवलं होतं, पण तिला मी दिसत होतो ना. तिच्यासाठी मीच रजिस्टर होतो. इतकं वाईट मला आयुष्यात कधी वाटलं नाही.

कल्याणी मॅडमनी सांगितलेलं आठवलं, सांगू नका, विचारा. मी खुर्चीवरून उठलो. सत्तावीस वर्षांत एखादी मिरची दुसऱ्याकडून बघून घ्यायला मीही कधी माझी जागा सोडली नव्हती. रंगीच्या बाजूला जाऊन तिच्या हातातली मिरची घेतली. एका अंगानं लाल, टोकाला जराशी फिकट. खरंच मला कळत नव्हतं, देवाशप्पथ. मी ती घेऊन सुरमीपुढे उकिडवा बसलो. गुडघे कडकड वाजले, दोघीतिघी हसल्या.

मी म्हटलं, "सुरमी, मला समजत नाही गं. ही फटकी आहे का?"

तिनं माझ्याकडे बघितलं, मग मिरचीकडे. हातात घेतली, एक फेरा फिरवली. कपाळाला आठी पडली. म्हणाली, इथं ऊन डोळ्यावर येतंय, सावलीत बघावी लागेल. आणि मग गुडघ्यावर हात ठेवून, पदर खोचून, सगळ्यांच्या देखत, सुरमी जागा सोडून उठली.